सुपरसिमेट्रीचं बोअर: अजून किती फूट?

कोरडवाहू, लातूर
आमच्याकडं पाचशे फुटांवर पाणी लागलं नाही की पाणाड्या म्हणतो, अजून शंभर जाऊ द्या. जिनिव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनच्या टकरी घडवून नवे कण शोधतात, तिथं तेच चाललंय. २०१२ ला हिग्ज कण घावला, पण सुपरसिमेट्रीचा, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार असतो या सिद्धांताचा, एकही जोडीदार कण नाही. आता म्हणे हे कण दीर्घायुषी असतील, म्हणून निसटले. पळवाटच की! २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी आपलीही जाते.

मास्तर, परभणी
भाऊ, दीर्घायुषी म्हणजे चिरंजीव नव्हे. नॅनोसेकंदात प्रकाश फूटभर जातो. तेवढं जगलेला कण टकरीच्या जागेपासून लांब फुटतो, एवढंच. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, २.२ मायक्रोसेकंद जगतो, त्याला कोणी पळवाट म्हणत नाही.

आणि तुमचंच बोअर घ्या. खोल जाणं वेगळं, वरचा झरा केसिंगनं बंद झालाय का हे बघणं वेगळं. तिथं प्रोटॉनचे थवे सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. साठवतात त्यातल्या काही हजार नोंदी, बाकीचं ट्रिगर नावाची चाळणी जागीच फेकते. तो ट्रिगर बेतला मुख्यतः टकरीच्या जागेवरूनच निघणाऱ्या कणांसाठी. सुपरसिमेट्रीतला विद्युतभारित कण चार्जिनो हा विद्युतभार नसलेल्या न्यूट्रलिनोपेक्षा जेमतेमच जड असला, तर थोडं चालून फुटतो. न्यूट्रलिनो दिसत नाही, सोबतचा पायॉन हा हलका कण इतका मंद की तोही हरवतो. डिटेक्टरमधली चार्जिनोची रेघ मधेच तुटते. ती शोधायची नजरच वेगळी लागते. काही कण तर डिटेक्टरमध्ये थबकून नंतर फुटतील, म्हणून टकरी नसतानाही तिथल्या सीएमएस प्रयोगानं पाळत ठेवली.

कोरडवाहू, लातूर
घावलं काही?

मास्तर, परभणी
नाही.

गोदाकाठ, नांदेड
पळवाट म्हणणं मात्र चूक. दीर्घायुषी ग्लुइनो हा जोडीदार कण सांगणारी स्प्लिट सुपरसिमेट्री, म्हणजे या सिद्धांताचीच एक शाखा, २००४ ची, तेव्हा सर्नचं एलएचसी हे टकरींचं यंत्र सुरूसुद्धा नव्हतं.

कोरडवाहू, लातूर
हो, पण हिग्ज एवढा हलका कसा, हे कोडं सोडवायला सुपरसिमेट्री हवी होती ना? स्प्लिटवाल्यांनी तेच सोडून दिलं. लग्नात नवरदेवच नाही, वरात चालू!

औंढेकर
त्यापेक्षा आमच्या हिंगोलीतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला पैसे द्या. २०२३ ला केंद्राची मंजुरी मिळालीये.

मास्तर, परभणी
तो वेगळा धागा काढा हो. इथं नवं यंत्र कुठं मागतोय? आहे त्याच टकरी दुसऱ्या नजरेनं बघायच्या. फेजर हा छोटा डिटेक्टर तर टकरीपासून ४८० मीटरवर, रिकाम्या बोगद्यात, इतर प्रयोगांचे शिल्लक सुटे भाग वापरून उभा केला. अर्थात तो मुख्यतः डार्क फोटॉनसारख्या कल्पित हलक्या कणांसाठी आहे.

कोरडवाहू, लातूर
शिलकीच्या सामानावर करताय तर खुशाल करा. ते सर्नच्या पुढच्या यंत्रासाठी ९१ किलोमीटरच्या नव्या बोगद्याचं घाटतंय, त्याला मात्र माझा विरोध लिहून ठेवा.