‘वॉटरप्रूफ म्हणजे मार्केटिंग’ : खाडीकाठी राहणाऱ्याला हा सल्ला देऊ नका

खाडीकाठ (ऐरोली)

पक्षी बघायला पंधरा हजारांच्या आत टिकाऊ दुर्बीण कोणती, असं गेल्या आठवड्यात एका नवीन सभासदाने विचारलं होतं. ‘घोडबंदर_रोड’ यांनी तीन ओळींत निकाल लावला: "डोळे मिटून १०×५० पोरो घ्या. ८× लहान मुलांसाठी. वॉटरप्रूफ, नायट्रोजन हे सगळं मार्केटिंग आहे, अर्धे पैसे वाचतील." (१०×५० म्हणजे दहापट मोठं चित्र आणि ५० मिमीचं पुढचं भिंग; पोरो म्हणजे वाकड्या नळ्यांची जुन्या घडणीची दुर्बीण.) खाली बऱ्याच जणांनी होकार भरला. मला राहवलं नाही आणि उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

आपली बहुतेक ठिकाणं खाऱ्या पाण्याला लागून आहेत: ऐरोलीची खाडी, नेरुळचे तलाव, उरणचं पाणजे पाणथळ. पोरो दुर्बिणीचं फोकसचं चाक फिरवलं की दोन्ही आयपीस (डोळ्याकडची भिंगं) मागेपुढे सरकतात. नळीच्या आतली जागा कमीजास्त होते आणि दर वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेत बाष्प असतं, मीठ असतं, ओहोटीला सुकलेल्या चिखलाची धूळ असते. रूफ प्रिझमच्या, म्हणजे सरळ नळ्यांच्या, दुर्बिणीत (प्रिझम म्हणजे आत प्रकाश वळवणारी काच) फोकसचं भिंग नळीच्या आतल्या आत सरकतं. बाहेर काहीच हलत नाही, त्यामुळे ओ-रिंग (रबरी कडी) लावून नळी बंद करता येते आणि आत कोरडा नायट्रोजन भरता येतो. ज्याला मार्केटिंग म्हणताय त्याचं काम एवढं साधं आहे.

आता १०×. आपल्या हाताचा कंपही दहापट होतो. खाडीत पक्षी बघायला नेणारी बोट भरतीच्या वेळी निघते, इंजिन चालू असतं, चार माणसं एका बाजूला सरकली की ती कलते. अशा वेळी लहान रोहित (फ्लेमिंगो) आणि मोठा रोहित वेगळा करायचा तर चोच नीट दिसावी लागते: लहानाची गडद लाल, जवळपास काळी, मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. हलत्या चित्रात ती ओळखू येत नाही. शिवाय ८× ला साधारण साडेसात अंशांचं क्षेत्र मिळतं, म्हणजे हजार मीटरवर १३१ मीटर रुंदी. १०× ला साडेसहा अंश धरले तर ११४. येऊरच्या झाडीत फांदीवरून फांदीवर उडणारा पक्षी शोधताना हा फरक लगेच जाणवतो.

माझं मत: ८×४२, सीलबंद, बॅक-४ (चांगल्या प्रतीच्या काचेचे) प्रिझम.

घोडबंदर_रोड

माझी तीन वाक्यं उचललीत, तर पूर्ण बाजूही ऐका.

रूफ प्रिझममध्ये प्रकाश छपरासारख्या कडेवर दोन भागांत वाटला जातो आणि परत जुळताना त्या दोन भागांची फेज (लहरींचा चढउतार) जुळत नाही. त्यासाठी फेज कोटिंग लागतं. ते नसेल तर बारीक तपशील मऊ होतो, पंखावरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. वर बहुतेक रूफ प्रिझमच्या एका पृष्ठावर आरशासारखा मुलामा द्यावाच लागतो. स्वस्तात तिथे अॅल्युमिनियम असतं, त्याहून बरी चांदी, त्याहून वर डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी पातळ थरांचा मुलामा). स्वस्त रूफमध्ये फेज कोटिंगही नाही आणि मुलामाही हलका. पोरोला या दोन्ही गोष्टींची गरजच नाही, चारही वळणांवर प्रकाश काचेतूनच पूर्ण परावर्तित होतो. म्हणून तेवढ्याच पैशांत पोरोचं चित्र जास्त धारदार आणि उजळ मिळतं. पुढची भिंगं लांब-लांब असल्याने खोलीही जास्त कळते. चिखलावर बसलेल्या तुतवारांच्या थव्यात कोण पुढे, कोण मागे हे पोरोत सरळ दिसतं.

आणि ‘वॉटरप्रूफ’ शब्दाचं काय? खोक्यावर किती खोल पाणी, किती मिनिटं हे लिहिलेलं नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे फार तर चार शिंतोडे. निम्मे लोक हा दुसरा शब्द वाचून पहिल्याचे पैसे देतात.

नेरुळची_टिटवी

दोघेही पानभर लिहिताय आणि चष्म्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. दर वेळी हेच होतं! चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या लोकांना चष्मा असतो आणि त्यांना १०×५० घ्यायला लावतात.

आय रिलीफ म्हणजे आयपीसच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो ते अंतर. चष्म्यासाठी किमान १५-१६ मिमी लागतं. स्वस्त १०×५० पोरोत ते बहुधा ९ ते १२ असतं. मग चष्मा लावून बघताना गोलाच्या मधला तुकडाच दिसतो आणि तुमचं साडेसहा अंशांचं क्षेत्र कागदावरच राहतं. चष्मा काढून बघा म्हणणाऱ्यांना सांगते: लांबचा-जवळचा नंबर फोकसने भरून निघतो, सिलिंडर नंबर निघत नाही. आणि पक्षी उडाला की चष्मा शोधत बसायचं का?

दुकानात चष्मा लावून, आयकप (डोळ्याला टेकणारं रबर) पूर्ण खाली करून बघा. गोलाची काळी कड सगळीकडून दिसली पाहिजे. नाही दिसली तर बाकी कागदपत्र वाचायचं कारण नाही.

खाडीकाठ (ऐरोली)

ताई, बरोबर. माझ्याकडून राहिलं. आय रिलीफ १६ च्या वर, ही अट माझ्या यादीत घाला.

वागळे_इस्टेट

दुर्बिणी उघडण्याचं काम असल्यामुळे लिहितो. दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे, पण सीलबंद घेतली की बुरशी लागत नाही, असा समज या धाग्यावरून होईल, तो धोकादायक आहे. सील फक्त आतली काच वाचवतं. बुरशी बाहेरच्या काचेवरही धरते, विशेषतः आयकपच्या खोबणीत, जिथे पापण्यांचं तेल आणि घाम साचतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिली की ती वाढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात याहून कमी नसते. तिच्यातून निघणारं आम्ल कोटिंग खातं. सुरुवातीला टॉर्च तिरका धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, तेव्हा पुसून जातात. एक पावसाळा गेला की बुरशी पुसली जाते, पण तिचा नकाशा काचेवर कोरलेला राहतो.

सगळ्यात जास्त बुरशी येते ती दुर्बिणीच्या स्वतःच्या पिशवीतून. फोम आणि कातडं ओल धरून ठेवतं. पिशवी प्रवासापुरती, घरी दुर्बीण पिशवीत ठेवायची नाही.

कळवा_पूर्व

त्यात काय, घट्ट झाकणाचा डबा, तळाला तांदूळ आणि दोन कापराच्या वड्या. घरोघरी हेच करतात.

वागळे_इस्टेट

नका हो, कृपा करून नका! कापूर आणि डांबर गोळी दोन्ही उडतात आणि त्यांची वाफ काचेवर थर होऊन बसते. तो थर काढताना कोटिंगवर ओरखडे येतात. तांदळाची भुकटी फोकसच्या चाकात आणि बिजागरीत शिरते, आणि तांदूळ ओल फारशी ओढतही नाही.

सिलिका जेल घ्या, रंग बदलणारं, नारिंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात मुलं असतील तर ते टाळा. हिशोब असा: ३० अंशांना ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. दहा लिटरच्या डब्यात पाव ग्रॅमसुद्धा नाही. शंभर ग्रॅम जेल वीस ग्रॅमच्या आसपास पाणी सहज धरतं. मग ते आठवड्यात हिरवं का पडतं? डब्यातल्या हवेमुळे नाही. ओला पट्टा, घामट हार्नेस, किंवा झाकणाचं रबर नीट बसत नसतं म्हणून. आधी पट्टा पंख्याखाली पूर्ण सुकवा. जेलचे मणी हिरवे झाले की ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास, परत नारिंगी होतात. पुडीतलं जेल तसंच भाजू नका, पुडी वितळते. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. फार खाली नेला तर रबर आणि ग्रीस सुकतं.

कळवा_पूर्व

इतकी वर्षं कापूर ठेवून कपडे टिकले, काच कशी खराब होईल?

वागळे_इस्टेट

कपड्यावर बसलेला थर दिसत नाही, भिंगावर दिसतो. स्वच्छ चष्म्याची जुनी काच कापरासोबत बंद डब्यात पंधरा दिवस ठेवा आणि दिव्यासमोर धरा. मग बोलू.

खारघर_हिल

मध्येच एक वेगळा मुद्दा. टिकाऊपणाच हवा तर रायफल स्कोप का नाही? परदेशातले शिकारी वापरतात तो ३-९×४०. झटके सोसायलाच बनवतात, सीलबंद असतो, स्वस्तही मिळतो.

घोडबंदर_रोड

झटके सोसतो हे खरं, पण तो या कामाचा नाही. त्याचा आय रिलीफ ९०-१०० मिमीच्या घरात, कारण बंदुकीचा धक्का डोळ्याला लागू नये. हातात धरून त्या अंतरावर डोळा स्थिर राहत नाही, चित्र सारखं काळं होतं. ९× वर क्षेत्र हजार मीटरला जेमतेम ४५-५० मीटर. साध्या स्कोपचं पॅरॅलॅक्स, म्हणजे चित्र आणि निशाण्याची रेघ जुळण्याचं अंतर, शंभर यार्डावर पक्कं केलेलं असतं, दहा मीटरवरचा खंड्या धूसरच दिसेल. शिवाय शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी असताना फ्लेमिंगो अभयारण्यात क्रॉसहेअरची नळी घेऊन उभं राहणं योग्य नाही. वनरक्षकाने हटकलं तर चूक त्याची नसेल.

खाडीकाठ (ऐरोली)

इथे आपलं जुळतं. पण मूळ मुद्दा सोडून सगळा धागा डब्यात शिरलाय. घोडबंदर साहेब, पावसाळ्यात पोरो वापरायची कशी, याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

घोडबंदर_रोड

पावसाळ्यात बाहेर काढायची नाही, हे उत्तर. फ्लेमिंगो नोव्हेंबर ते मे, परदेशी पाणपक्षी हिवाळ्यात. भर पावसात खाडीवर काय बघणार?

आणि तुम्ही टाळलेला प्रश्न मी विचारतो. सीलबंद रूफचं सील गेलं तर? आत शिरलेलं बाष्प बाहेर निघत नाही, आत धुकं धरतं, आणि नायट्रोजन परत भरून देणारा मिळणं कठीण. पोरो चार स्क्रू काढून उघडता येते, साफ होते, प्रिझम सरळ करता येतो.

नेरुळची_टिटवी

पावसाळ्यात काय बघणार? येऊरला नवरंग जून-जुलैतच बोलतो. स्वर्गीय नर्तकाची घरटी त्याच दिवसांत असतात. चार महिने दुर्बीण डब्यात ठेवायची आणि तिला स्वस्त म्हणायचं?

वागळे_इस्टेट

उघडता येते, हे खरं. पण घरी उघडू नका. पोरोचे प्रिझम रबराखालच्या बारीक स्क्रूंनी तोलून धरलेले असतात. पाव वळण जरी फिरलं तरी दोन नळ्या दोन दिशांना बघू लागतात. डोळे जबरदस्तीने ती दोन चित्रं जुळवतात, म्हणून ‘ठीक दिसतंय’ वाटतं आणि वीस मिनिटांत कपाळ दुखतं. नजरेने जुळवलेली दुर्बीण एका माणसाच्या डोळ्यांच्या अंतरालाच जुळलेली असते. बिजागरी हलवली की परत बिघडते.

दुकानातच तपासा. समोरच्या इमारतीच्या गच्चीचा आडवा कठडा बघा, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन गोलांत कठडा एकाच उंचीवर राहिला पाहिजे. एकात वर, एकात खाली गेला तर परत करा. नंतर दुर्बीण हातभर लांब, उजळ भिंतीकडे धरून आयपीसमधला प्रकाशाचा ठिपका बघा. पूर्ण गोल असेल तर बॅक-४. कडा राखाडी, कापलेल्या, चौकटीसारख्या दिसल्या तर बीके-७ (हलकी काच), मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. ८×४२ ला तो ठिपका सव्वापाच मिमी भरायला हवा. पट्टी न्या, पुढचं भिंगही मोजा. ‘३०×६०’ म्हणून विकतात त्या खिशातल्या दुर्बिणींचं भिंग ६० सोडा, २५ मिमीही भरत नाही.

घोडबंदर_रोड

ठीक. चष्मेवाल्यांनी आणि पावसात फिरणाऱ्यांनी ८×४२ घ्यावी, मान्य. पण फेज कोटिंग असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि चष्मा नसलेल्या, हिवाळ्यात पाणजेला काठावरून बघणाऱ्या माणसाला मी आजही पोरोच सांगेन. ‘८× मुलांसाठी’ हे वाक्य मागे घेतो.

खाडीकाठ (ऐरोली)

फेज कोटिंगची अट मलाही मान्य, पण पंधरा हजारांत ते आणि पक्कं सील दोन्ही मिळत नसेल तर मी सील निवडेन. काठावरून बघणाऱ्यालाही. खारी हवा हिवाळ्यातही खारीच असते.

कोपरी_सकाळ

मूळ प्रश्न माझाच होता. चष्मा आहे, म्हणजे ८×४२ ठरलं. खाडीवरून आल्यावर पुसायची कशी?

वागळे_इस्टेट

शर्टाच्या टोकाने कधीच नाही. मिठाचे कण कोरड्या कापडाखाली सँडपेपरसारखे घासतात. आधी हाताने दाबायच्या ब्लोअरने कण उडवा, मग मऊ ब्रश. दुर्बीण खरोखर आयपीएक्स-७ असेल तर आयकप काढून, नळाच्या बारीक धारेखाली साध्या पाण्याने धुवा. सील नसेल तर पिळलेल्या ओल्या कापडाने फक्त बाहेरचं रबर पुसा. काचेवर डाग राहिला तर लेन्सच्या कागदावर एक थेंब लेन्स क्लीनर, थेंब काचेवर टाकायचा नाही, आणि मधून कडेकडे फिरवत पुसायचं. रात्रभर पंख्याखाली, आयकप उघडे. डब्यात सकाळी.