शनिवारवाड्यापासून 100 मीटर आणि आमचा टेकूवरचा वाडा

मधला_चौक
आमचा वाडा शनिवारवाड्याच्या मागच्या अंगाला. चार भाऊबंद, सहा भाडेकरू, आणि सगळ्यांचं मिळून भाडं विचारू नका, त्यात वडापाव पार्टीपण होणार नाही. यंदा पावसात माडीखालची तुळई बसली. मधे लाकूड ठणठणीत, पण भिंतीत गेलेलं टोक बोटाने उकरलं तर भुसा पडतोय, खाली लोखंडी टेकू लावून झोपतोय आम्ही. मग सगळ्यांचं एकमत झालं (हे आठवं आश्चर्य) की पाडून तेवढाच, तितक्याच उंचीचा बांधू, एक मजलाही जास्त नको. तर कळलं तेही चालत नाही! 2010 नंतर संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुनर्बांधणी पण बंद, फक्त डागडुजी, तीही इमारत 16 जून 1992 च्या आधीची असेल तर आणि परवानगी काढून. त्यापुढच्या 200 मीटरवाल्यांना परवानगीने बांधता येतं. शनिवारवाड्यातला महाल 1828 च्या आगीत गेला, उरलाय तट, त्या तटासाठी आम्ही डोक्यावर माती झेलत बसायचं का? माझं मत, सरसकट 100 मीटर काढा आणि जागा बघून ठरवा.

बुरुजावरून
जागा बघून ठरवणार कोण, नगरसेवक? 100 मीटरचा नियम 1992 पासूनच होता. मधल्या काळात तज्ज्ञ समिती नेमून ‘जागा बघूनच’ सवलती वाटल्या, 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं, म्हणून पुढच्या वर्षी कायदा आवळला. तुम्ही तेवढाच बांधाल हो, पण शेजारी मात्र बिल्डरला आणेल. आणि डागडुजीला बंदी नाहीये हे तुम्हीच लिहिलंय, मग ती का नाही केली इतकी वर्षं?

मधला_चौक
कारण परवानगीचे कागद गोळा करताना दोन पावसाळे गेले. एका खिडकीवर सांगतात नकाशा आणा, दुसरीकडे म्हणतात हा नकाशा चालत नाही. आणि न विचारता केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड. तुळईसाठी तुरुंगात कोण जाणार?

पागडीवाली_गिरगाव
बुरुजावरून दादा, लांबून सगळं छान दिसतं. आमच्या मुंबईत 1995 पासून हेरिटेजचे नियम आहेत, ग्रेडप्रमाणे काय बदलता येईल ते ठरतं, मालकाला वर बांधता येत नसेल तर टीडीआरची (न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची) सोय पण आहे. तरी काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा, जुनं वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणलेला, 1896 मध्ये देशातला पहिला सिनेमा तिथे दाखवला, आणि 2005 मध्ये तिचाच भाग कोसळून एकाचा जीव गेला. यादीत नाव असून काय झालं? मालक भाडेकरूंकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे. पैसे कोण घालणार ते नियमात लिहा आधी. तुमच्या 100 मीटरवाल्यांना तर टीडीआरपण नाही, कारण वाडा स्वतः हेरिटेज नाही, शेजारी हेरिटेज आहे एवढाच गुन्हा.

चुन्याची_घाणी
दोघांचं भांडण चालू द्या, मी साइटवर काम करतो म्हणून एकच विचारतो, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलंय का?

मधला_चौक
हो, काकांनी, मी शाळेत असताना. पक्कं काम म्हणून गल्लीत कौतुक झालं होतं.

चुन्याची_घाणी
तिथेच गडबड. चुना-मातीची भिंत ओल घेते नि सोडते, वर सिमेंट लावलं की आतली ओल आतच राहते, आणि ती बरोबर तुळईच्या टोकाशी बसते कारण ते भिंतीच्या पोटात असतं. म्हणून मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा. पण टोक कुजलं म्हणजे तुळई गेली असं नाही, कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधतात, भिंत चुन्यात परत बांधतात. ही डागडुजीच झाली, पुनर्बांधणी नाही, अर्जात तसंच लिहा. ‘वाडा पाडणे’ शब्द आला की फाइल बसली.
बाकी माझं मत विचाराल तर 100 मीटर राहू दे, पण त्याच्या आतल्या घरांना दुरुस्तीची परवानगी वॉर्डातच आणि ठरावीक दिवसांत मिळायला हवी.

बुरुजावरून
याला माझा विरोध नाही. पण सहा भाडेकरूंना सागाचा आणि चुन्याचा खर्च झेपणार कसा, हे पागडीवाल्या ताईंचं बरोबर आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

मधला_चौक
मला अजूनही पाडायचाच आहे, खोटं कशाला बोलू. पण रविवारी त्या टोकाजवळचं हातभर प्लास्टर खरवडून बघतो. घाणी भाऊ, आत हिरवट ओल दिसली तर लगेच सगळं काढायचं की आधी टेकू वाढवायचे?

चुन्याची_घाणी
आधी टेकू. दोन्ही बाजूंनी. आणि लोखंडी टेकूच्या खाली लाकडी फळी टाका, नाहीतर फरशी फुटेल.