मोडीत निघालेल्या बॉम्बांचं काय झालं

'एकदा बनवलेला बॉम्ब कुणी मोडीत काढत नाही' हे मत अजिबात पटलं नाही. १९९३ च्या करारानुसार रशियाने ५०० टन अतिसमृद्ध (बॉम्बच्या प्रतीचं) युरेनियम, म्हणजे सुमारे २०,००० बॉम्बांचा ऐवज, सौम्य करून अणुभट्ट्यांचं इंधन म्हणून अमेरिकेला विकला. २०१३ पर्यंत हे चाललं. त्या काळात अमेरिकेची जवळपास १० टक्के वीज त्यावर निघाली. ज्या शहरांवर नेम धरला होता, तिथेच दिवे लागले!

खरी अडचण उलट्या, म्हणजे अणुभट्टीकडून बॉम्बकडे जाणाऱ्या वाटेची आहे. आम्हा वाशीकरांना खाडीपुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर रोज दिसतो. तिथली सायरस अणुभट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी म्हणून दिली होती; १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं. त्यामुळे बॉम्ब मोजण्यापेक्षा भट्ट्यांची तपासणी कोण आणि कशी करणार, यावर आधी बोलायला हवं. आपल्याही.