ठाण्याला 'गेट डाऊन' की 'गेट ऑफ'?

कळवेकर: लोकलमधून उतरण्यासाठी 'आय गेट डाऊन ॲट ठाणे' बरोबर आहे का? रिक्षालाही तेच चालेल?

वाशीकर: आपल्याकडे सर्रास चालतं, समोरच्याला कळतंही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस 'आय गेट ऑफ ॲट ठाणे' म्हणेल. ढोबळ नियम असा: ज्यात उभं राहून चालता येतं (लोकल, बस, विमान) त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरून नुसतं बसायचं (कार, टॅक्सी, रिक्षा) त्याला 'गेट इन' आणि 'गेट आऊट'. सायकल, बाईक, घोडा यांच्यावर आपण बसतो, म्हणून तिथेही 'ऑन-ऑफ'च.

रिक्षाचं नाव घेतलंत तर 'गेट आऊट ऑव्ह द रिक्षा'. हे 'ऑव्ह' गाळू नका, आणि 'ऑफ'ही म्हणू नका. मराठीत 'of' आणि 'off' दोन्ही बऱ्याचदा 'ऑफ' असेच लिहितात, तिथेच घोळ होतो.

घोडबंदर_रोड: शब्दांची जागाही सांभाळा. लोकलसाठी 'गेट ऑफ इट'. 'गेट इट ऑफ' म्हटलंत तर अर्थ होतो 'ते काढ', म्हणजे शर्टावरचा डाग वगैरे.

कळवेकर: मग 'गेट डाऊन' वापरायचं कुठे?

वाशीकर: शिडीवरून, झाडावरून उतरताना: 'गेट डाऊन फ्रॉम द लॅडर'. 'गेट डाऊन टू वर्क' म्हणजे कामाला लागणं. 'द रेन गेट्स मी डाऊन' म्हणजे पावसाने मन उदास होतं. आणि 'आय गेट ऑफ ॲट सिक्स' म्हणजे सहाला ऑफिस सुटतं.