मदत हवी आहे: दत्तक गेलेली फॉस्टर कुत्री नवव्या दिवशी परत आली, आता घरात एकटी राहतच नाही

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितीये, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सल्ला देता येणार नाही.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि नववीतली लेक. तीन वर्षं झाली, रेस्क्यू केलेली पिल्लं फॉस्टर करतो, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायची, लसी, जंताचं औषध, शी-शूची सवय सगळं करून मगच द्यायची. आत्तापर्यंत चार गेली, चारही सुखात आहेत, दिवाळीला फोटो येतात त्यांचे. ही पाचवी.

२०२४ च्या २५ जुलैला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्याच एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते आठवत असेल. त्यानंतर दोन दिवसांनी तिथल्याच एका पार्किंगमध्ये चिखलात दोन पिल्लं सापडली, जेमतेम दोन महिन्यांची. ज्या ताईंनी उचलली त्यांच्याकडे आधीच घर भरलेलं, म्हणून तीन आठवडे ठेवाल का असा मेसेज आला आणि आम्ही हो म्हटलं. पाचव्या दिवशी त्यातला भाऊ पार्वोने (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा, संसर्गजन्य आजार) गेला. सलाईन लावलं, रात्रभर बसलो, नाही वाचला. हिला मात्र काही झालं नाही. फिनाईलने पार्वोचा विषाणू मरत नाही म्हणून एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून रोज दोनदा फरशी पुसायची आणि दहा मिनिटं तशीच ओली ठेवायची, असं पंधरा दिवस केलं. हिला आतल्या पॅसेजमध्ये वेगळं ठेवलं होतं आणि मी लॅपटॉप घेऊन तिथेच जमिनीवर बसून ऑफिसचं काम करायचे, कारण भाऊ गेल्यावर ती एकटी पडली की थरथरायची. आता वाटतं इथेच गोष्ट बिघडली का?

रंगाने काळीभोर, छातीवर एक पांढरा ठिपका. सासूबाईंनी नाव ठेवलं कारळी.

तीन आठवड्यांचे साडेतीन महिने झाले. काळी, गावठी आणि त्यातून मादी. फोन यायचे ते 'लॅब्रेडॉर आहे का', 'मेल नाही का', नाहीतर फोटो बघून पुढे काहीच नाही. शेवटी दिवाळीनंतर एक जोडपं आलं, माणसं चांगली, हिनेही लगेच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. घरी कोणी ना कोणी असतं म्हणाले, मी पुढे खोदून विचारलं नाही. प्रत्यक्षात दोघंही सकाळी नऊला बाहेर पडायचे ते संध्याकाळी सातला परत. नवव्या दिवशी फोन आला, शेजारी भांडायला येतात, दार ओरबाडून ठेवलंय, घेऊन जा. आम्ही तासाभरात गेलो. उजव्या पंजाचं नख मुळापासून तुटलं होतं आणि दाराच्या खालच्या पट्टीला रक्त.

आता दोन महिने होत आले. जेवण, खेळ, बाहेर फिरणं सगळं उत्तम, पण मी किल्ली उचलली की ती जागच्या जागी थिजते, दोनदा घोट गिळते, आणि दार लागलं की सुरू. जुना मोबाईल लावून रेकॉर्ड केलं तर चाळीस मिनिटं सलग रडत होती, दाराच्या फटीला नाक लावून, फरशीवर लाळेचं थारोळं. एरवी कधी काही चावत नाही, पण आम्ही परत येतो तेव्हा घरातल्या प्रत्येकाची एकेक चप्पल दाराशी गोळा केलेली असते आणि ती त्यावर बसलेली असते. सासूबाई घरी असतील तरी थोडी बरी, पण त्यांनाही देवळात, दवाखान्यात जावं लागतं, किती दिवस त्यांना अडकवून ठेवणार.

त्यात सोसायटीचं पत्र आलं, पंधरा दिवसांत कुत्रा हलवा. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, त्या माऊलीची झोपमोड होते हे मलाही कळतं, वाईटही वाटतं.

तर विचारायचं असं की
१. आठ महिन्यांच्या कुत्रीला आता एकटं राहायला शिकवता येतं का, आणि कसं? कोणी क्रेटमध्ये, म्हणजे गजांच्या पिंजऱ्यात, बंद कर म्हणतं, कोणी रडू दे आपोआप गप्प होईल म्हणतं. मला दोन्ही पटत नाही.
२. सोसायटीला काय उत्तर देऊ?
३. पुढच्या घराला हे सगळं आधीच सांगितलं तर कोणी घेईल का? लपवून मला द्यायची नाहीये, पुन्हा असं झालं तर ती सावरेल असं वाटत नाही. लेक म्हणते आपणच ठेवूया, पण आपण ठेवली तर पुढच्या पावसाळ्यातल्या पिल्लांना घर कुठून आणायचं, आमचा टू बीएचके आहे.

प्रतिसाद: अंगणवेल
क्रेटमध्ये अजिबात कोंडू नका. घाबरलेलं कुत्रं गज चावून दात तोडून घेतं. आणि 'रडू दे' हे पण नको, ती हट्ट करत नाहीये, तिला खरंच भीती वाटतीये, रडून रडून ती भीती अजून पक्की होते. आमच्या पहिल्या कुत्र्याला हेच होतं. आम्ही असं केलं की आधी किल्लीची भीती घालवली, दिवसातून वीसदा किल्ली उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची, चप्पल घालायची आणि सोफ्यावर बसायचं, कुठेच जायचं नाही. ती लक्ष देईनाशी झाली की मग दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. कॅमेऱ्यात ती अस्वस्थ दिसायच्या आत परत यायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आल्यावर मोठा सोहळा नको. आणि शिकवणं चालू असेपर्यंत खरोखरची एकटी ठेवायची नाही, कोणाला तरी बसवा, नाहीतर चार दिवसांची मेहनत एका दुपारी वाया जाते. आम्हाला अर्ध्या तासापर्यंत यायला दोन महिने लागले, त्यापुढे मात्र भराभर वाढलं.

एक विचारते, तुम्ही घरात असताना ती दुसऱ्या खोलीत राहते का? की बाथरूमपर्यंत मागे मागे?

प्रतिसाद: भटकी_पावलं
डॉक्टरांशी औषधाबद्दल नक्की बोला. इतकी लाळ आणि नख तुटेपर्यंत ओरबाडणं म्हणजे नुसत्या ट्रेनिंगने भागेलच असं नाही. माझ्या कुत्रीला डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन (भीती, चिंता कमी करणारं औषध) दिलं होतं, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात म्हणून लोक मध्येच सोडून देतात, तसं करू नका. मनाने काही देऊ नका मात्र, माणसांच्या गोळ्या तर मुळीच नाही.

नसबंदी झाली का? नसेल तर डॉक्टरांना विचारून तारीख घ्या, आठ महिने म्हणजे कधीही हीटवर (माजावर) येऊ शकते.

प्रतिसाद: पेठेतला_वकील
सोसायटीबद्दल. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की सभेत बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, भुंकणं हेही हाकलायचं कारण होत नाही, लिफ्ट वापरल्याबद्दल वेगळे पैसेही घेता येत नाहीत. पंधरा दिवसांत हलवा या पत्राला घाबरू नका. लेखी उत्तर द्या, पोच घ्या, सोबत रेबीजचं सर्टिफिकेट जोडा, आणि महापालिकेचा परवाना काढला नसेल तर आधी तो काढा. पण कायदा दाखवायच्या आधी खालच्या ताईंना जाऊन भेटा. काय उपाय चाललेत आणि बाळाच्या झोपेच्या वेळा कोणत्या ते बोला. पत्रापेक्षा याने जास्त काम होतं.

प्रतिसाद: अंगणवेल
तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. सगळं सांगूनच द्या, लाळेचा व्हिडिओसुद्धा दाखवा. नको असेल तो तिथेच नाही म्हणेल, आणि तेच बरं. फोनवर 'घरी कोणी असतं का' असं विचारू नका, 'मंगळवारी दुपारी तीनला घरी कोण असतं' असं विचारा. भाड्याचं घर असेल तर मालकाचं पत्र, घर स्वतः जाऊन बघायचं, पंधरा दिवस ट्रायल, आणि नको झाली तर दुसऱ्या कोणालाही न देता तुमच्याकडेच परत आणायची हे कागदावर. निवृत्त जोडपं किंवा घरात आधीच एक शांत कुत्रं असेल अशी जागा बघा. कुत्रं माणसाची जागा घेईलच असं नाही, पण काहींना खूप फरक पडतो, ट्रायलमध्ये कळेल.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून चार वेळा वाचून काढलं. अंगणवेल, बाथरूमपर्यंत मागे येते, बरोबर ओळखलंत. कालपासून जाळीचं दार लावून मी स्वयंपाकघरात आणि ती हॉलमध्ये असं सुरू केलंय, रबरी खेळण्यात दही आणि भाकरीचा कुस्करा भरून गोठवून देते. मी दिसतेय तोवर चाटते, कोपऱ्याआड गेले की थांबते. आज दोन मिनिटं कोपऱ्याआड होते तरी चाटत राहिली, सासूबाई घड्याळ धरून बसल्या होत्या. किल्लीचं पण चालू आहे, घोट गिळणं अजून आहे पण थिजत नाही.

खालच्या ताईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या दुपारी एक ते तीन तेवढं सांभाळा, बाकी चालेल. तेवढा वेळ आता घरात कोणीतरी असेलच असं लावून घेतलंय. सोसायटीला उत्तर आज रात्री लिहिते, डॉक्टरांची वेळ शुक्रवारची, नसबंदीचंही तेव्हाच विचारते.

आणि भोरहून एक फोन आला होता. शिक्षक होते, निवृत्त झालेत, नवरा-बायको दोघंच, अंगण आहे आणि आधीची एक म्हातारी कुत्री आहे. व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, 'आधी आम्हीच दोन-तीनदा येऊन भेटतो, तिला ओळख होऊ दे, मग बघू.' रविवारी येतायत. त्यांना अजून काय काय विचारायचं ते सुचवा, वही घेऊन बसलीये.