उत्तर: वाड्याच्या पायात सापडलेला नाण्याचा ठसा

काका, पायात सापडलेला ठसा चिंच लावून घासायचा सल्ला वर कुणी दिलाय, तो कृपया मानू नका. शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यालाही ते बरं नाही, हा तर नाणी पाडायचा लोखंडी ठसा. आम्ल आत मुरलं की गंज आतून वाढतो आणि खोदलेली अक्षरंच आधी जातात. तारेचा ब्रशही नको. माती मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट डब्यात ठेवा. पुढचं काम धातूसंवर्धन करणाऱ्याचं.

खरा आहे का, हे बघताना अक्षरं उलटी आणि आत खोदलेली हवीत. 'श्री राजा शिव' सरळ वाचता आलं तर तो नाण्याचा ठसा नव्हेच. वरचा, म्हणजे ज्यावर घण मारत तो ठसा असेल तर घणाच्या घावांनी डोकं पसरलेलं दिसतं. टांकसाळीत झिजलेले ठसे सहसा मोडून टाकत, खोटी नाणी पडू नयेत म्हणून. त्यामुळे नाणी ढिगाने मिळतात, ठसे क्वचित.

आणि मंगळवार पेठेतल्या सराफाला दाखवण्याआधी सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यात जमिनीत दडलेल्या, 10 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूसाठी ते बंधनकारक आहे. हो, दहाच रुपये! पाया अजून उघडा असेल तर जागेचे फोटो आजच काढा.