नागपूर-मुंबईला उणे ४७ चं इंधन कशाला?

वऱ्हाडी_पाखरू:
आपल्याकडे विमानात भरतात ते एटीएफ म्हणजे जेट ए-१. ते उणे ४७ अंशांच्या आधी गोठता कामा नये, अशी अट. अमेरिकेत देशांतर्गत विमानं जेट ए वर उडतात, तिथे उणे ४० चालतं. एरवी दोघं सख्खे भाऊ: रॉकेलच्या कुळातले, आणि ३८ अंशांच्या आत वाफ पेटू नये ही अटही दोघांना सारखीच.

मे महिन्यात नागपूरला टाकी भरा. इंधन चाळिशीच्या घरात. दीड तासाच्या प्रवासात ते गोठणार कधी? बाहेर उणे ५५ असलं तरी वेगामुळे पंखाला लागणारी हवा उणे ३० च्या आसपास असते. उणे ४० ची मुभा दिली, तर कच्च्या तेलातला थोडा जड भागही रिफायनरीला एटीएफमध्ये घेता येईल, म्हणजे इंधन स्वस्त पडेल. मग हे सोवळं कुणासाठी?

टँकरवाला:
मुंबईत जमिनीखालच्या पाइपांतून लंडनच्या विमानाला जे जातं तेच पुण्याच्या... बरं, पुण्याचं सोडा, नागपूरच्या विमानाला जातं. इंधनाचे दोन प्रकार ठेवायचे तर दोन टाक्या, दोन टँकर, दोन रजिस्टरं. वाचवलेले पैसे तिथेच जिरतील.

वऱ्हाडी_पाखरू:
दोन कशाला? सगळ्यांनाच जेट ए द्या. अमेरिकेहून इकडे येणारी विमानं तिथलं जेट ए भरूनच निघतात ना?

टँकरवाला:
निघतात, पण वैमानिकाचा एक डोळा टाकीच्या तापमानावर. ते गोठणबिंदूपासून तीन अंशांवर आलं की खाली उतरा नाहीतर वेग वाढवा. दोन्हीत इंधन जास्त जळतं. स्वस्ताई अशी वसूल होते.

तळाचं_पाणी:
दोघांनाही एक जुनी गोष्ट सांगतो. १७ जानेवारी २००८, बीजिंगहून हीथ्रोला आलेलं बोइंग ७७७. ऐन उतरताना दोन्ही इंजिनं जोर देईनात, विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्या इंधनाचा गोठणबिंदू उणे ५७ होता आणि टाकीतलं तापमान उणे ३४ च्या खाली गेलंच नव्हतं. म्हणजे इंधन गोठलंच नाही! त्यातल्या किंचित पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर, इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी अडकला.

म्हणून मला आकड्यापेक्षा इंधनातलं पाणी तपासायची काचेची बरणी महत्त्वाची वाटते. नमुना घ्यायचा, गोल फिरवायचा, तळाशी थेंब जमतो का बघायचं. मग सिरिंजला पिवळी गोळी लावून इंधन ओढायचं. गोळी हिरवट झाली म्हणजे पाणी आहे; भरणं बंद.

वऱ्हाडी_पाखरू:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!

तळाचं_पाणी:
अजिबात नाही. पाण्याचा धोका दोन्हींत सारखाच, एवढंच म्हणालो. बीजिंगहून निघणाऱ्याला उणे ४० वर सोडा असं कुठे म्हटलं?

गंमत_जंमत:
मग जेट बी घ्या की! गोठणबिंदू आणखी खाली.

टँकरवाला:
त्यात नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखा हलका भाग असतो. वाफ लगेच पेटते. कॅनडाच्या उत्तरेला थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून ते सोसतात. नागपूरच्या उन्हात त्याचा टँकर मी तरी नेणार नाही.

आणि पाखरूभाऊ, तिकीटच स्वस्त करायचं असेल तर कराकडे बघा. २०२३ मध्ये राज्याने मुंबई-पुण्यात एटीएफवरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. तेवढा फरक तुमच्या जड तेलाने पडेल?

वऱ्हाडी_पाखरू:
व्हॅटही कमी करा, मी कुठे नको म्हणतोय? पण देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाला ते सात अंश नेमके कुठे उपयोगी पडतात, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

टँकरवाला:
जानेवारीत लेहला रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानाला विचारा.

वऱ्हाडी_पाखरू:
लेहलाही उणे ४० होत नाही हो.